वेरूळच्या उत्तर टोकाला



दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत देवगाव रंगारीच्या कोणत्याही घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेरूळचा बेत ठरतो. कसाबखेड्याच्या रस्त्याने निघाले की तासाभराच्या आत वेरूळ येते. घृष्णेश्वराच्या दर्शनाला सोबतचे शेजारी जातात, मग सर्वांनी मिळून कैलास लेणे पाहायचे, छायाचित्रे काढायची, परतताना खुलताबादचा भद्रा मारुती किंवा देवगिरीचा किल्ला करायचा, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. कैलास पाहून होईपर्यंत ऊन डोक्यावर येते, मुले पाणी मागू लागतात आणि घरातील वडीलधारे सांगतात, ‘जैन लेणी पुढच्या वेळी.’ ही पुढची वेळ बहुतेक घरांत आजवर आलेली नाही.

कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांना कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला पायी जाणारी माणसे आपल्या भागात आहेत. पैठणच्या मुनिसुव्रतनाथांचे दर्शन न चुकता घेणारीही आहेत. मांगी-तुंगीला भगवान ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती २०१६ साली उभी राहिली, तेव्हापासून तिकडेही गाड्या भरभरून जातात. हे सर्व उचितच आहे. मात्र घराच्या उंबऱ्याजवळ असलेले असे जे जुने स्थान आहे, तेच नेमके आपल्या यादीतून निसटते. म्हणून या वेळच्या लेखात वेरूळच्या उत्तर टोकाकडे वळू या.

वेरूळला क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. त्यांपैकी पहिली १२ बौद्ध, पुढची १७ हिंदू आणि शेवटची ५, म्हणजे ३० ते ३४, जैन. युनेस्कोने १९८३ साली या लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला, तो या सर्वांना मिळून. जैन लेणी मुख्य समूहापासून अलग, कैलासाच्या उत्तरेस किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत. गर्दी तेथवर पोहोचत नाही, त्याचे मोठे कारण हे अंतरच होय.

ही लेणी प्रामुख्याने नवव्या-दहाव्या शतकांत खोदली गेली. तो राष्ट्रकूटांचा काळ. सम्राट अमोघवर्षाच्या मनात आचार्य जिनसेनांविषयी गुरुभाव होता आणि जिनसेनांनी याच काळात ‘आदिपुराण’ आणि ‘पार्श्वाभ्युदय’ रचले. राजाश्रयाचे हे वातावरण खरे. तथापि लेण्यांच्या भिंती नीट पाहिल्या तर तेथे राजांपेक्षा वेगळ्याच माणसांची नावे भेटतात. इंद्रसभेत भगवान शांतिनाथांच्या एका प्रतिमेखाली ती सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याची असल्याचे कोरले आहे. आणखी एका प्रतिमेखाली नागवर्मा हे नाव आहे. ना बिरुदे, ना वंशावळी. ज्याला जेवढे शक्य झाले, तेवढे त्याने केले आणि एका ओळीत नाव नोंदवले. हे लेणे अनेकांच्या वाट्याने घडत गेले असावे, असे तेथे फिरताना वाटत राहते.

क्रमांक ३२ चे लेणे ‘इंद्रसभा’ या नावाने ओळखले जाते. अंगणात एकाच खडकातून कोरलेले चतुर्मुख मंदिर, एक भव्य हत्ती आणि मानस्तंभ आहे. वरच्या मजल्यावर नक्षीदार खांब, छतावर उमललेले कमळ आणि जुन्या रंगकामाचे अवशेष दिसतात. येथे हत्तीवर आरूढ झालेली एक मोठी पुरुषमूर्ती आहे. हत्ती दिसला म्हणून लोकांनी तिला इंद्र मानले, समोरच्या स्त्रीमूर्तीला इंद्राणी मानले आणि लेण्याचे नाव इंद्रसभा पडले. वास्तविक तो यक्ष आहे, आणि आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली, मूल जवळ घेतलेली ती माता भगवान नेमिनाथांची शासनदेवी अंबिका आहे. आपल्या घरातील मुलाने ‘ही इंद्राणी नव्हे, ही अंबिका’ एवढे जरी ओळखले, तरी ती सहल सार्थकी लागली म्हणावी.

या लेण्यांत एक जोडी पुन्हा पुन्हा समोरासमोर येते. एका भिंतीवर भगवान पार्श्वनाथ आणि दुसरीवर बाहुबली. पार्श्वनाथांवर चहूबाजूंनी हल्ला चालला आहे. कोणी शिळा उचलली आहे, कोणी रेड्यावर बसून धावून येत आहे. पूर्वजन्मीच्या कमठाचे वैर जन्मोजन्मी पाठलाग करीत आले, त्याचे हे रूप. धरणेंद्राने मस्तकावर फणा उभारली आहे, पद्मावतीने छत्र धरले आहे आणि मधोमध भगवान निश्चल उभे आहेत. समोरच्या भिंतीवर बाहुबलींभोवती मात्र शत्रू नाही. अंगावर वेली चढल्या आहेत, पायाशी प्राणी विसावले आहेत. दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया आहेत. जिनसेनांच्या आदिपुराणात वेली दूर करणाऱ्या विद्याधरी येतात, तर श्वेतांबर परंपरेत ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनी येऊन भावाला अहंकाराच्या हत्तीवरून खाली उतरण्यास सांगतात.

पार्श्वनाथांचा उपसर्ग बाहेरून आला होता. बाहुबलींना रोखून धरणारे शल्य मनातच होते. या दोन भिंतींच्या मध्ये उभे राहिले की माणसाला आपल्या संसारातील दोन्ही प्रकारची संकटे आठवतात. प्रतिमा दिगंबर परंपरेच्या आहेत, हे स्पष्टच दिसते. आपल्या वाचकांत मंदिरमार्गी आहेत तसेच स्थानकवासी आणि तेरापंथीही आहेत. मूर्तिपूजा ज्यांच्या आचरणात नाही, त्यांनाही ही दोन चरित्रे परकी नाहीत. व्याख्यानात ऐकलेली कथा अकराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने दगडात कशी सांगितली, हे पाहण्यास कोणताही आम्नाय आड येत नाही.

लेण्यांच्या वरच्या टेकडीवर पार्श्वनाथांची सुमारे १६ फूट उंचीची पद्मासनस्थ मूर्ती आहे. तिच्या आसनावरील लेख शके ११५६ चा, म्हणजे इ. स. १२३४-३५ चा आहे. तेव्हा जवळच्या देवगिरीवर यादवांची राजधानी होती आणि राजा सिंघण राज्य करीत होता. पण मूर्ती करविणारा राजा नव्हता. लेखात वर्धनपूर गावचे एक कुटुंब येते. राणुगी, त्याचा पुत्र, सून स्वर्णा आणि त्यांचे चार मुलगे. त्यांतील चक्रेश्वराने चारण मुनींच्या या पर्वतावर पार्श्वनाथांची आणि इतर जिनेश्वरांच्या मोठ्या प्रतिमा करविल्या. भरत चक्रवर्तीने कैलासाला तीर्थ केले, तसे याने चारणाद्रीला तीर्थ केले, असा लेखाचा आशय आहे. चक्रेश्वर दयाळू होता, श्रद्धेत दृढ होता आणि पत्नीशी एकनिष्ठ होता, हेही त्यात आवर्जून नोंदवले आहे. एका गृहस्थाच्या दानाबरोबर त्याचे आचरणही दगडावर लिहावेसे वाटले, ही गोष्ट दानपाटीवर फक्त रक्कम आणि आडनाव लिहिणाऱ्या आपल्या पिढीने घटकाभर थांबून वाचण्याजोगी आहे.

आता थोडे आपल्या वागणुकीविषयी. लेणी भारतीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. भक्तीच्या भरात मूर्तीला कुंकू लावणे, तेल-तूप चोळणे, तांदूळ-फुले वाहणे यांनी दगडाची हानी होते. हात लावून नमस्कार करण्याची सवयही येथे आवरावी. हजारो हातांच्या स्पर्शाने कोरीव काम झिजते. खिळ्याने वा कोळशाने भिंतीवर स्वतःचे नाव लिहिणे हा तर १९५८ च्या कायद्याने दंडनीय अपराध आहे. सोहिल ब्रह्मचाऱ्याचे नाव जेथे प्रतिमा दिल्यामुळे राहिले, तेथे काही न देता नाव ठेवण्याची हौस कोणाही जैन मुलाला वाटू नये. येथे हात जोडून उभे राहावे, नवकार म्हणावा, मनात सामायिकाइतकी शांतता धरावी. तेवढी पूजा पुरेशी आहे.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. लेणी मंगळवारी बंद असतात. सकाळी लवकर निघावे आणि कैलासाच्या आधी जैन लेणी पाहावीत, म्हणजे मुलांचा उत्साह ताजा असताना तेथे वेळ मिळतो. वृद्धांना चालणे शक्य नसल्यास वाहनाने लेण्यांपर्यंत जाता येते. टेकडीसाठी मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. उकळलेले पाणी आणि घरचा डबा बरोबर न्यावा, म्हणजे चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी घरी परतताना अडचण येत नाही. आतल्या दालनांत उजेड कमी असतो, त्यामुळे घाई करू नये. डोळे अंधाराला सरावले की मूर्ती एकेक करून दिसू लागतात. वेरूळ गावातच जैन गुरुकुल आहे. तेथील विद्यार्थ्यांना भेटावे, त्यांची चौकशी करावी.

पाठशाळेच्या गुरुजनांना आणि महिला मंडळांना एक विनंती. वर्षातून एकदा पाठशाळेची सहल येथे न्यावी. निघण्यापूर्वी आठवडाभर मुलांना कमठाची आणि बाहुबलींची कथा सांगावी, अंबिका कशी ओळखावी ते समजावे. मग लेण्यात मोठ्यांनी मौन धरावे आणि मुलांना बोलू द्यावे. या कामाला निधी लागत नाही, बोली लागत नाही, समितीही लागत नाही. एक दिवस आणि थोडी पूर्वतयारी पुरते.

नवी मंदिरे उभारण्याइतके सामर्थ्य आज समाजाजवळ आहे. जुनी लेणी मात्र नवीन उभारता येत नाहीत. त्यांना आपल्याकडून एवढेच हवे आहे की कोणीतरी यावे, ओळखावे आणि पुढच्या पिढीला ओळख करून द्यावी. येत्या सुट्टीत पाहुणे आले, की कैलासापाशी गाडी वळवण्याऐवजी पुढे उत्तरेकडे न्यावी, इतकेच सांगून आज रजा घेतो.