बेटाचा रस्ता पाण्यावरून जातो

(तृतीय वर्ष कला)

बेट म्हटले की मुख्य भूमीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे निळे पाणी, पांढरी वाळू आणि माडांची रांग उभी राहते. बेटावर राहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र बोटीचे वेळापत्रक असते. मोठा दवाखाना, पुढचे शिक्षण, उच्च न्यायालय, लग्नाची खरेदी, घराला लागणारे सिमेंट, ही सारी बोटीच्या पलीकडच्या टोकाला असतात. म्हणून बेटांच्या सुधारणेचा विचार करताना आधी बोटीचा विचार केला पाहिजे, आणि तो प्रवाशाच्या नव्हे, रहिवाशाच्या बाजूने केला पाहिजे, असे माझे मत आहे. त्यासाठी मी आपल्याच देशातील लक्षद्वीपचे उदाहरण घेतो.

लक्षद्वीप १९५६ साली केंद्रशासित प्रदेश झाला. त्यातील ३६ बेटांपैकी लोकवस्तीची बेटे अवघी १०. साऱ्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ६४,४७३. बित्रा बेटावर तर त्या वर्षी २७१ माणसे होती. ही बेटे कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर पसरलेली आहेत. मोठ्या जहाजाने तेथे पोहोचायला साधारण चौदा ते अठरा तास लागतात. बेटावर पिकते ते मुख्यतः खोबरे, आणि समुद्रातून मिळतो तो कुपा मासा. तांदळापासून डिझेलपर्यंत बाकी सारे बाहेरून येते.

एवढ्यावर अडचण संपत नाही. बेटांभोवती प्रवाळाचे कडे आहे आणि त्याच्या आतले पाणी उथळ आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात उभे राहते. मग लहान होडी त्याच्या कुशीला येते आणि लाटेवर वरखाली होणाऱ्या त्या होडीत म्हातारी माणसे, गरोदर बाया, कडेवरची मुले आणि ट्रंका उतरवल्या जातात. पावसाळ्यात हे काम जिवावरचे होते.

कोकणातल्या आमच्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णैसारख्या बंदरात खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावातून किनाऱ्याला लागायची, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी अनुभवले आहे. पावसाळा आला की बोटी बंद, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू, हा तेव्हाचा क्रम होता. पुढे घाटरस्ते सुधारले, गावोगाव एस.टी. गेली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आगबोट आठवणीपुरती उरली. परंतु येथेच कोकण आणि लक्षद्वीप यांचा मार्ग वेगळा होतो. कोकणात बोट बंद झाली तेव्हा माणूस एस.टी.त बसला. कल्पेनीचा किंवा किल्तानचा माणूस कशात बसणार? त्याच्यासाठी बोट हीच एस.टी., हाच राज्यमार्ग आणि हाच पूल.

आता सुचवल्या जाणाऱ्या उपायांकडे वळू.

पहिला उपाय वेगाचा. हलक्या वेगवान बोटी आणल्या की अंतर कमी होईल, असे म्हटले जाते. अशा बोटी लक्षद्वीपमध्ये आहेत आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला त्या सोयीच्याही आहेत. पण त्या इंधन पुष्कळ खातात, माल फारसा नेत नाहीत, आणि समुद्र खवळला की प्रथम त्यांनाच बंदरात थांबावे लागते. म्हणजे ज्या दिवसांत बेट सर्वांत एकाकी असते, त्याच दिवसांत त्यांचा उपयोग सर्वांत कमी.

दुसरा उपाय विमानाचा. अगत्ती बेटावर १९८८ पासून धावपट्टी आहे. परंतु बेट अरुंद, धावपट्टी आखूड, म्हणून विमाने लहान आणि जागा मोजक्या. शिवाय विमान अगत्तीला उतरवते. बाकीच्या नऊ बेटांना पुढे पुन्हा बोट आहेच. मिनिकॉय तर दक्षिणेला एकटेच दूर पडलेले. अत्यवस्थ रोग्याला हेलिकॉप्टरने हलवता येते आणि ती सोय हवीच. पण हेलिकॉप्टरने तांदळाची पोती येत नाहीत आणि सुट्टीला घरी निघालेले विद्यार्थीही जात नाहीत.

तिसरा उपाय स्वस्त भाड्याचा. हा ऐकायला सर्वांत गोड लागतो, म्हणून त्याची परीक्षा अधिक काळजीने केली पाहिजे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील हेब्रिडीज बेटांत २००८ साली एक चांगला प्रयोग सुरू झाला. समुद्रावरील अंतर रस्त्याने काटले असते तर मोटारीला जेवढा खर्च आला असता, त्या हिशोबाने बोटीचे भाडे ठरवायचे. तत्त्व न्याय्य होते, आणि २०१५ पर्यंत ते तेथील साऱ्या मार्गांना लागू झाले. भाडी उतरली, तसे पर्यटकांच्या मोटारींनी बोटी भरू लागल्या आणि उन्हाळ्यात बेटावरच्या माणसालाच ऐनवेळी जागा मिळेना. दरम्यान जुनी जहाजे वारंवार नादुरुस्त होऊ लागली. त्याच सेवेसाठी २०१५ साली मागणी नोंदवलेले 'ग्लेन सॅनॉक्स' हे जहाज २०१८ ला धावायचे, ते जानेवारी २०२५ मध्ये धावले, आणि खर्च कित्येक पट वाढला. भाडे एका आदेशाने उतरते, जहाज आदेशाने बांधून होत नाही. जागा वाढवल्याशिवाय भाडे कमी केले तर त्याचा लाभ ज्याला घाई नाही त्यालाच अधिक होतो.

मग करावे काय? माझ्या मते क्रम असा असावा.

सर्वप्रथम एक राखीव जहाज. २०२१ च्या अखेरीस 'एम. व्ही. कवरत्ती' ह्या ७०० प्रवाशांच्या जहाजाच्या इंजिनखोलीत भर समुद्रात आग लागली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही, पण जहाज ओढून न्यावे लागले. एवढे मोठे जहाज फेरीतून गेले की त्याच्या जागा दुसरीकडून कोठून आणणार? जहाज कधी बिघडणार, कधी दुरुस्तीच्या गोदीत जाणार, हे गृहीत धरूनच ताफा ठरवला पाहिजे.

दुसरे, धक्के. ज्या बेटांना शक्य आहे तेथे लाटरोधक भिंत आणि पावसाळ्यात वाऱ्याच्या आडोशाला असणारा पूर्वेकडचा धक्का यांवर आधी खर्च व्हावा. मात्र प्रवाळ फोडून, गाळ उपसून बेटाचे रक्षण करणारे कडेच दुबळे करू नये. जेथे धक्का शक्य नाही, तेथे उतरवून घेणाऱ्या होड्या तरी चांगल्या असाव्यात.

तिसरे, रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या जागा. जानेवारी २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या किनाऱ्यांची छायाचित्रे देशभर गाजली आणि पर्यटनाची चर्चा वाढली. पर्यटक येवोत, बेटांना पैसा मिळो. पण परीक्षेला निघालेली मुलगी आणि सहलीला निघालेले कुटुंब एकाच तिकिटासाठी एकाच रांगेत असू नयेत.

चौथे, प्रवासाची गरजच कमी करणे. २०२४ साली कोचीहून समुद्राखालून आलेल्या तारेचे उद्घाटन झाले. तिच्यामुळे वैद्यांचा सल्ला आणि कचेरीची कामे घरबसल्या होऊ शकतील. वाचलेली प्रत्येक फेरी ही नव्या बोटीइतकीच मोलाची.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नियमित सेवा म्हणजे वाटेल त्या हवेत सुटणारी सेवा नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. धोक्याचा बावटा लागला की फेरी थांबवण्याचा अधिकार कप्तानाचाच असावा. मात्र थांबलेली फेरी केव्हा सुटेल, हे प्रवाशांना वेळेवर कळावे.

'साठ-सत्तर हजार लोकांसाठी एवढा खर्च?' असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर सरळ आहे. डोंगरातल्या पन्नास घरांच्या वाडीला रस्ता करताना तो नफ्यात चालेल का, असे आपण विचारत नाही. गोव्यात दिवाड-चोडणच्या फेरीबोटीत पायी प्रवाशाला तिकीट नाही, कारण ती फेरी तेथील लोकांचा रस्ता आहे. बोटीचा हिशोब तिकिटांच्या गल्ल्यावर मांडला की ती नेहमी तोट्यातच दिसणार. तो सार्वजनिक बांधकामाच्या वहीत, रस्त्यांच्या पानावर मांडला पाहिजे.

आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी सहली निघतात. एखादी सहल कधी बेटाला गेली, तर किनाऱ्याची छायाचित्रे जरूर काढावीत. पण तेथल्या चार विद्यार्थ्यांना एवढेही विचारावे, की मागच्या पावसाळ्यात घरी जायला तुम्हाला किती दिवस बंदरात थांबावे लागले? जो कोणी बोटींची नवी योजना आखील, त्याने ते उत्तर आधी ऐकावे.