विम्याचा हप्ता हासुद्धा मजुरीचाच भाग

अमेरिकेतल्या विम्याच्या कायद्याशी आपला काय संबंध, असे या पानाचा एखादा वाचक विचारील. त्या कायद्यातून उभा राहिलेला वाद मालक आणि नोकर यांच्यातल्या हिशेबाचा आहे, आणि त्या हिशेबात मालकाचा धर्म कुठपर्यंत चालतो याचा आहे. दुकान किंवा कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा.

प्रथम हकीकत. अमेरिकेत बहुसंख्य नोकरदारांना आरोग्य विमा नोकरीच्या ठिकाणाहून मिळतो. ही रीत दुसऱ्या महायुद्धात रुजली. १९४२ साली सरकारने पगारवाढीवर बंधन घातले. चांगली माणसे टिकवायची तर काही तरी द्यायला हवे, म्हणून मालकांनी पगारवाढीच्या जागी विमा देऊ केला. म्हणजे विम्याचा हप्ता ही मालकाने केलेली खैरात नव्हती. रोखीने देता येत नव्हते ते दुसऱ्या मार्गाने दिले, एवढेच.

पुढे अनेक विमा पॉलिसींत डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांचा खर्च मिळत असे, पण गर्भनिरोधक गोळ्या आणि साधने त्यातून वगळलेली असत. मार्च १९९८ मध्ये पुरुषांच्या व्हायग्रा या गोळीला मंजुरी मिळाली आणि काही विमा कंपन्या तिचा खर्च लगेच देऊ लागल्या. तेव्हा स्त्रियांनी विचारले, हप्ता आमच्याही नावाने भरला जातो, मग आमची औषधे बाहेर का? त्याच वर्षी मेरीलँड राज्याने पहिला कायदा केला. औषधांचा खर्च देणाऱ्या पॉलिसीत गर्भनिरोधकांचाही खर्च दिला पाहिजे, असा त्याचा आशय. १९९९ साली कॅलिफोर्नियाने आणि २००२ साली न्यूयॉर्कने तसेच कायदे केले. पुढे अशा राज्यांची संख्या पंचवीसच्या वर गेली.

खर्चाचा बाऊ मोठा करण्यात आला. पण लोकसंख्येच्या प्रश्नावर काम करणाऱ्या गुटमाकर इन्स्टिट्यूटने १९९८ साली हिशेब मांडला, तेव्हा मालकावर पडणारा जास्तीचा बोजा दर कामगारामागे महिन्याला सुमारे १ डॉलर ४३ सेंट निघाला. तेव्हा खरी हरकत पैशाची उरली नाही, ती धर्माची होती. कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीत अशी साधने वर्ज्य आहेत. चर्चशी संबंधित सेवासंस्था कोर्टात गेल्या. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात २००४ साली आणि न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयात २००६ साली त्या हरल्या. खुद्द चर्चला सूट होतीच. पण ज्या संस्था सर्व धर्मांची माणसे नोकरीला ठेवतात आणि सर्व धर्मांच्या लोकांची सेवा करतात, त्यांना ती सूट मिळाली नाही.

२०१० च्या आरोग्य कायद्याखाली केंद्र सरकारनेच असा नियम केला आणि तो २०१२ पासून लागू झाला. त्यावर हॉबी लॉबी या हस्तकलेच्या सामानाची दुकाने चालवणाऱ्या कंपनीने दावा लावला. या कंपनीचे मालक धर्मनिष्ठ ख्रिस्ती आहेत. गल्ला बुडाला तरी चालेल, पण रविवारी दुकान बंद ठेवतात. नमाजासाठी दुकानाचे शटर ओढणाऱ्याला अशा माणसाविषयी आदरच वाटेल. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो केंद्राच्या नियमापुरता आहे. राज्यांचे कायदे त्याने रद्द झाले नाहीत.

गर्भनिरोध धर्मात कितपत चालतो हा प्रश्न उलेमांचा आहे. कापडाच्या व्यापाऱ्याने त्यात पडू नये. माझा प्रश्न खतावणीचा आहे. मजुरीच्या खात्यावर टाकलेली रक्कम कोणाची? ती कामगाराच्या हाती गेली की तो तिचे काय करतो यावर मालकाची मालकी राहत नाही. आपल्या कारागिराने पगार कशात खर्च केला याचा जाब आपण विचारत नाही, आणि विचारला तर तो तोंडावर उत्तर देईल. मग तोच पगार विम्याच्या रूपाने दिला म्हणून मालकाचा हक कसा वाढतो? ईएसआयमध्ये मालक आणि कामगार दोघांचे पैसे जमा होतात. कामगाराने कोणता इलाज घ्यावा हे तिथे मालक ठरवत नाही.

यात अल्पसंख्याकांसाठी आणखी एक धडा आहे. त्या खटल्यात विरोधी मत देताना न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विचारले होते की, उद्या एखादा मालक रक्त चढवण्याला हरकत घेईल, दुसरा लसीला, तर कोणी मुसलमान, यहुदी किंवा हिंदू मालक जिलेटिनचे वेष्टन असलेल्या गोळ्यांना घेईल. मग काय करणार? प्रश्न रास्त आहे. मालकाचा धर्म कामगाराच्या विम्यावर चालू लागला, तर एखाद-दुसऱ्या मुसलमान मालकाला समाधान मिळेल. पण जिथे आपली माणसे थोडी आहेत, तिथे त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या हाताखाली नोकरी करतात. तिथे नुकसान त्यांचेच होईल.

व्यापारी म्हणून एक तक्रार मात्र मी करीन. १९७४ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे, विमा विकत न घेता कामगारांची इलाजाची बिले स्वतःच्या तिजोरीतून भागवणाऱ्या कंपन्यांना राज्यांचे विमा कायदे लागू होत नाहीत. हे मोठ्या कंपन्यांनाच परवडते. म्हणजे पाच-दहा माणसांचा दुकानदार कायद्यात सापडतो आणि हजारो माणसांचा मालक सुटतो. २०१२ च्या केंद्रीय नियमाने ही फट बरीच बुजली. तरी राज्यांनी जे जास्तीचे दिले आहे, उदाहरणार्थ मेरीलँडने २०१६ च्या कायद्याने पुरुषांची नसबंदीही विम्यात आणली, त्याबाबत ती उघडीच आहे. हक कामगाराचा असेल तर तो मालकाच्या आकाराप्रमाणे लहानमोठा होता कामा नये.

आणि ज्या मालकाचे मन खरोखरच मानत नाही, त्याच्यासाठी वाट निघालेली आहे. मालकाने हरकत लेखी कळवावी आणि विमा कंपनीने तो खर्च परस्पर द्यावा, ही सोय आधी धार्मिक संस्थांना होती, ती २०१५ साली हॉबी लॉबीसारख्या घरगुती मालकीच्या कंपन्यांनाही देण्यात आली. मालकाचा ईमान राहतो आणि कामगाराचा हकही बुडत नाही. सौदा असाच असावा, दोन्ही बाजूंचे माप पुरे भरणारा. ज्याला तेवढ्यानेही समाधान नाही, त्याला स्वतःचा धर्म पाळायचा आहे की दुसऱ्याकडून पाळून घ्यायचा आहे, हे त्याने स्वतःलाच विचारावे.