आठवीनंतर हात कोण धरणार?

पाताळगंगेच्या काठी वसलेल्या आपटा गावाशेजारी, रसायनीत, सरकारी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा दहावी वा आयटीआय झालेल्या मुलाचे आयुष्य मार्गी लागेल, असा विश्वास या पट्ट्यात रुजला. २०१७ साली केंद्र सरकारने तो कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. पनवेल तालुक्यातच २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या तालुक्याच्या जमिनीवर हा विकास उभा आहे, तेथील श्रमिकांच्या मुलांना झाडलोट आणि पहारा एवढेच काम उरावे काय?

महाविद्यालयाची वाट बारावीनंतर सुरू होते, हा समज घातक आहे. अकरावीत गणित सोडले की अभियांत्रिकीचे आणि जीवशास्त्र सोडले की वैद्यकीचे दार बहुधा मिटते. राज्याच्या सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. व्यावसायिक शिक्षणातील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याची धावपळ निकालानंतर सुरू केली, तर वर्ष हातचे जाण्याची भीती असते. सुखवस्तू घर ही सारी आखणी आठवीपासून करते आणि खासगी शिकवण्यांवर पैसा ओतते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मात्र गरिबाच्या मुलाचा हात नेमका आठवीनंतर सोडतो. जेथे एकाचे नियोजन सुरू होते, तेथे दुसऱ्याचा हक्क संपतो. याला गुणवत्तेची स्पर्धा म्हणणे ही क्रूर थट्टा होय.

रयतेच्या करांचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे मांडले होते. आज तोच अन्याय प्रवेश परीक्षेच्या वेषात उभा आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. शिक्षणाचा हक्क बारावीपर्यंत वाढवावा. प्रत्येक माध्यमिक शाळेत मार्गदर्शनासाठी एक शिक्षक मोकळा असावा. ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञानाचे पुरेसे शिक्षक व चालत्या प्रयोगशाळा असाव्यात आणि सीईटीची तयारी वर्गातच, विनामूल्य व्हावी.

सरकार जागे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. गावातील आणि कातकरी-ठाकूर वाड्यांवरील आठवी-नववीच्या मुलामुलींच्या घरी जावे, विषयांची निवड समजावून सांगावी, दाखल्यांची कामे वेळेत मार्गी लावावीत. नियोजन हा शब्द आपण पंचवार्षिक योजनांसाठी पुष्कळ वापरला. आता तो एकेका मुलाच्या भवितव्यासाठी वापरला पाहिजे.