इंच आणि सेंटिमीटर

आठ सूत म्हणजे एक इंच, बारा इंच म्हणजे एक फूट आणि तीन फूट म्हणजे एक वार. सुताराच्या व गवंड्याच्या तोंडी हे कोष्टक अजूनही आहे. भारतात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढील काही वर्षांत मीटर हे व्यवहाराचे अधिकृत माप ठरले. तरी लुगडे नऊवारीच राहिले आणि जागेचा भाव चौरस फुटांवरच बोलला जातो.

यात लाजण्याजोगे काही नाही. जुने माप वापरणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. दोष आहे तो एका मापातून दुसऱ्या मापात जाताना होणाऱ्या हलगर्जीपणाचा.

एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. हे प्रमाण अंदाजाचे नाही. १९५९ साली सहा देशांनी मिळून ते तंतोतंत ठरविले. पण हिशेबाचा कंटाळा असलेला मनुष्य म्हणतो, “अडीच धरा, एवढ्याने काय बिघडते?” समजा, दार सहा फूट उंच हवे आहे. त्याचे इंच झाले ७२. अडीचने गुणले तर १८० सेंटिमीटर येतात; खरी उंची मात्र १८२.८८ सेंटिमीटर असते. जवळजवळ तीन सेंटिमीटरांची तूट! कापलेली फळी पुन्हा वाढत नाही. लाकूड वाया जाते आणि सुताराचे श्रमही फुकट जातात.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही ही चूक भोवली आहे. १९९९ साली अमेरिकेचे एक यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका गटाचे आकडे पौंडाच्या मापात होते. दुसऱ्या गटाने ते मेट्रिक समजून वापरले. गुणाकार-भागाकार चुकला नव्हता; आकडा कोणत्या मापाचा आहे, हे पाहावयाचे राहून गेले होते.

म्हणून आकड्यापुढे त्याचे माप न विसरता लिहावे, पूर्ण प्रमाणानेच गुणावे आणि कापण्यापूर्वी उलट हिशेब करून ताळा पाहावा. हा केवळ गणिताचा नियम नव्हे. तो प्रामाणिकपणाचाही नियम आहे. नऊ वारांचे सुमारे ८.२३ मीटर होतात. जो दुकानदार नऊ वारांचे पैसे घेऊन आठच मीटर कापड मोजून देतो, तो गिऱ्हाइकाचे वीतभर कापड ठेवून घेतो. ते अज्ञानाने घडले काय किंवा लोभाने घडले काय, लुगडे नेसणारीला ते अपुरेच पडणार!