कंट्रोल-सी कुणाच्या मालकीचं?

मुलाखतीला आलेल्या फ्रेशरला मी एक प्रश्न हमखास विचारतो. लिनक्सवर प्रोग्रॅम चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तर काय होतं? "प्रोग्रॅम बंद होतो, सर." बरोबर. बंद कोण करतं? इथे गाडी अडते. बहुतेकांचं उत्तर एकच: कीबोर्डवरून प्रोग्रॅमला कळतं आणि तो बंद होतो.

मुलं हुशार असतात, लिंक्ड लिस्ट झोपेत उलटी करून देतील. दोष त्यांचा नाहीच. दोष शिकवणाऱ्यांचा, आणि स्पष्टच सांगतो, कॉनिओ डॉट एच या हेडर फाइलचा.

बोरलँडनं टर्बो सी आणलं १९८७ मध्ये, डॉससाठी. कॉनिओ ही त्या जगातली गोष्ट. सीच्या स्टँडर्डमध्ये ती कधीच नव्हती. डॉसवर ती चुकीची होती असंही नाही. एक मशीन, एक माणूस, एका वेळी एक प्रोग्रॅम. कीबोर्ड अख्खा तुमचा. वरचा बाण दाबला की गेटच() आधी ० देणार, मग ७२. मामला खतम. पण डॉस गेलं तरी अजून कित्येक ठिकाणी सुरुवातीला क्लिअरस्क्रीन आणि शेवटी गेटच लिहिल्याशिवाय सीचा प्रोग्रॅम पूर्ण होत नाही. त्यासाठी डॉसबॉक्समध्ये टर्बो सी चालवतात! यातून मुलांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: कीबोर्ड माझ्या प्रोग्रॅमचा आहे.

तो तुमच्या प्रोग्रॅमचा नाही. युनिक्स-लिनक्सवर कळ आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये कर्नलचा टर्मिनल ड्रायव्हर बसलेला असतो. कंट्रोल-सी म्हणजे फक्त एक बाइट, किंमत ३. मोठ्या सीचा आस्की कोड ६७. त्यातले खालचे पाच बिट ठेवले की उरतात ३. हा ३ दिसला की ड्रायव्हर तो गिळतो आणि टर्मिनलवर पुढे चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसना सिगइंट सिग्नल पाठवतो. कंट्रोल-झेडचं तसंच, तिथे सिगटीस्टॉप. कंट्रोल-एस दाबलं की आउटपुट गोठतं आणि कंट्रोल-क्यूनं सुटतं. ही सोय टेलिटाइपच्या काळातली. एडिटर लिहिताना कंट्रोल-एसवर 'सेव्ह' ठेवायचं असेल तर आधी आयएक्सऑन हा फ्लॅग बंद करावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये बग शोधत बसतो.

आता मुख्य तक्रार. ज्यांना हे सगळं अर्धवट कळतं, ते जास्त धोकादायक. एका प्रोजेक्टवर डेटा हलवणारा एक सी प्रोग्रॅम होता. "युजर मध्येच बंद करतात" म्हणून लिहिणाऱ्यानं सिगइंट चक्क दुर्लक्षित केला होता. एकदा तो चुकीच्या सर्व्हरवर सुरू झाला. चालवणाऱ्याच्या दोन सेकंदांत लक्षात आलं, त्यानं कंट्रोल-सी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. दुसरं टर्मिनल उघडून किल -९ देईपर्यंत व्हायचं ते नुकसान झालं होतं. कंट्रोल-सी हा युजरचा आणीबाणीचा ब्रेक आहे. बसमधली साखळी प्रवासी उगाच ओढतात म्हणून कंडक्टर ती कापून टाकत नाही.

मग स्वतःच्या कळा वापरायच्या कशा? टर्मिऑस वापरा. १९८८ पासून पॉझिक्समध्ये आहे. टीसीगेटअ‍ॅटरनं आधीची सेटिंग्ज जपून ठेवा. एकेक कळ लगेच हवी असेल तर आयकॅनन आणि एको हे दोनच फ्लॅग बंद करा. आयसिगला हात लावू नका! तो बंद केला की कंट्रोल-सीचा सिग्नल होत नाही, नुसता ३ तुमच्या हातात येतो आणि पुढची सगळी जबाबदारी तुमची. सिगइंट पकडायचाच असेल तर हँडलरमध्ये प्रिंटएफ नको, ते तिथे सुरक्षित नाही. व्होलटाइल सिग_अ‍ॅटॉमिक_टी प्रकारचा एक फ्लॅग लावा, मुख्य लूपमध्ये तो बघा, आवरा आणि बाहेर पडा. जाताना जुनी सेटिंग्ज परत करा. अ‍ॅटएक्झिटवर विसंबून राहू नका, सिग्नलनं मेलेल्या प्रोसेसमध्ये ते चालतच नाही. नाहीतर पुढच्या माणसाला टाइप केलेलं दिसत नाही आणि तो बिचारा आंधळेपणानं 'एसटीटीवाय सेन' टाइप करत बसतो.

"एवढं पहिल्या वर्षाला कशाला? आणि कामाला लागल्यावर एनकर्सेस आहेच की," असं म्हणणारे आहेत. एनकर्सेस जरूर वापरा. पण एस्केप कळ दाबल्यावर प्रोग्रॅम क्षणभर का थांबतो, हे एनकर्सेस सांगत नाही. वरचा बाण म्हणजे साधारणपणे तीन बाइट: २७, ९१, ६५. नुसती एस्केप म्हणजेही २७. पहिला २७ आला की पुढे काही येतंय का, याची वाट बघण्यावाचून इलाज नाही. एनकर्सेस मूळ सेटिंगमध्ये एक सेकंदापर्यंत वाट बघतं. तसंच टॅब आणि कंट्रोल-आय दोन्ही ९, एंटर आणि कंट्रोल-एम दोन्ही १३. बाइट सारखेच, मग प्रोग्रॅम फरक करणार कसा? हा गुंता सोडवायला कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरनं आपल्या किटी टर्मिनलसाठी नवा कीबोर्ड प्रोटोकॉल बनवला, आणि इतर टर्मिनल्सनीही तो उचलला. खालचा थर माहीत असल्याशिवाय असं काही सुचत नाही, राव.

आणि पहिल्या वर्षाचं म्हणाल तर गेटच शिकवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळात आयकॅनन शिकवून होतं. साल्वातोरे सानफिलिप्पोचा किलो हा एडिटर (२०१६) हजार ओळींच्या आत आहे, तोही एनकर्सेसशिवाय. एका सेमिस्टरमध्ये आरामात वाचून होईल.

तेव्हा प्राध्यापक मंडळी, कॉनिओला आता मानानं निरोप द्या. आणि आपण नोकरी करणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: कीबोर्ड युजरचा आहे, आपण तो उसना घेतलाय. उसनी वस्तू जशी घेतली तशी परत करायची असते.