असर, अंगात येणं आणि तिसरी घंटा

नांदेडच्या कुसुम सभागृहात एका हौशी संस्थेने केलेला ‘सविता दामोदर परांजपे’चा प्रयोग मी आणि माझी पत्नी पाहून आलो. शेखर ताम्हाणे यांचं हे नाटक १९८५ मधलं. ते रीमा लागूंनी गाजवलं, आणि २०१८ मध्ये त्यावर जॉन अब्राहमने मराठी सिनेमाही काढला. कुसुम नावाची विवाहित बाई अनेक वर्षं आजारी आहे, डॉक्टरांना काही सापडत नाही, आणि हळूहळू कळतं की तिच्या अंगात सविता दामोदर परांजपे ही मेलेली बाई आहे. पुढचं सांगत नाही, तुम्ही पाहाल म्हणून.

भुताचा सिनेमा मोबाइलवर पाहणाऱ्यांनी एकदा भुताचं नाटक पाहावं. इथे कॅमेरा नाही, ग्राफिक्स नाहीत. समोर एक बाई खुर्चीत बसलेली असते आणि बसल्या जागी तिचा आवाज बदलतो. मागच्या रांगेतली पोरं आधी हसली, मग गप्प झाली. पत्नीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी इंजिनिअर असल्यामुळे माझं अर्धं लक्ष प्रकाशयोजनेकडे होतं: निळा दिवा कधी येतो, संगीत त्याच्या किती आधी सुरू होतं. युक्ती कळत होती, तरीही भीती वाटत होती. नाटकाची मजा तीच. तिकीट काढून घाबरायचं आणि शेवटी सगळे दिवे लागले की ती बाई पुढे येऊन हात जोडते.

आपल्या मोहल्ल्यांत हाच खेळ रोज चालतो. तिथे दिवे लागत नाहीत आणि हात जोडायला कुणी पुढे येत नाही.

नाटकानंतर काही दिवसांनी आम्ही लातूरला सासुरवाडीला गेलो. तिथे ओळखीतल्या एका मुलीबद्दल कळलं. तिचं गाव, नातं काही लिहीत नाही. नीटच्या तयारीसाठी शिकवण्यांच्या भागात खोली घेऊन राहत होती. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास, मग टेस्ट सिरीज, मग घरी फोनवर मार्क सांगणं. तीन आठवडे तिला धड झोप नव्हती. मग कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारतंय असं ती म्हणू लागली. घरच्यांनी गावी नेलं. मोठ्या खालाने एका नजरेत सांगितलं, “असर है.” मग आमिल आला. ताईत, दम केलेलं पाणी, जाळायला फलिते, तिसऱ्या बैठकीत मिरचीची धुरी. चार महिने यात गेले. शेवटी तिची अम्मी कुणाला न सांगता तिला सरकारी दवाखान्यातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली.

मी विचारलं, आधीच का नेलं नाही? उत्तर मिळालं ते मला नाटकातल्या कुठल्याही प्रवेशापेक्षा जास्त लागलं. “असर उतर जाता बेटा. दिमाग की गोली का ठप्पा नहीं उतरता. रिश्ते कौन लाएगा?”

म्हणजे घरच्यांना काही कळत नव्हतं असं नाही. त्यांनी हिशेब केला होता. जिन्नात बाहेरून येतो, त्यात खानदानाचा दोष नसतो, आणि तो उतरला की मुलगी पुन्हा ‘कोरी’. आजार मात्र घराण्याला चिकटतो, धाकट्या बहिणीच्या लग्नापर्यंत पोचतो. आमिलाचं दुकान श्रद्धेवर चालतं असं आपण म्हणतो. माझ्या मते ते त्याहून जास्त या लाजेवर चालतं. म्हणून नुसतं ‘अंधश्रद्धा सोडा’ सांगून ते बंद होत नाही.

कुणी म्हणेल, जिन्नात तर कुरआनात आहेत, बहात्तरावी सूरह त्याच नावाची आहे. आहेच. त्यावर माझा वाद नाही. पण जिन्नात आहेत असं मानणं वेगळं आणि पलीकडच्या गल्लीतल्या माणसाने पैसे घेऊन तो अमक्या मुलीच्या अंगात आहे असं ठरवणं वेगळं. सर्व्हर बंद पडला आणि कारण सापडलं नाही तर आम्ही लॉग पाहतो, पुन्हा पाहतो, दुसऱ्याला दाखवतो. (दसऱ्याला त्याच सर्व्हरला हार घालणारे सहकारीही लॉगच पाहतात.) सुलतान कलावूनने १२८४ मध्ये कैरोत बांधलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. ‘मजनून’ हा शब्दच ‘जिन्न’च्या धातूपासून आला आहे, तरी तिथल्या लोकांनी मजनूनला रुग्णाची खाट दिली.

खाट न देता साखळी दिली की काय होतं ते एरवाडीने दाखवलं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि २८ मनोरुग्ण गेले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असं बांधून ठेवायला बंदी घातली आहे.

आपल्या राज्यात तर जादूटोणाविरोधी कायदाही आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. त्या अध्यादेशाखालची पहिली कारवाई सप्टेंबर २०१३ मध्ये कुठे झाली माहीत आहे? आपल्या नांदेडमध्ये. कर्करोग, मधुमेह, एड्स बरे करण्याच्या जाहिरातीवरून दोघांना अटक झाली. दोघेही मुसलमान. ‘पाहा, सुरुवात आपल्यापासूनच’ असं म्हणणारे आजही भेटतात. पण मला त्या जाहिरातीला भुललेले आजारी लोक आठवतात, आणि तेही बहुतेक आपलेच असणार. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं या कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

मग ‘सविता दामोदर परांजपे’सारखी नाटकं बंद करायची का? अजिबात नाही. त्यांच्याबद्दल माझी तक्रार एवढीच की अशा गोष्टीत डॉक्टरला हरावंच लागतं, नाहीतर दुसरा अंक होत नाही. पण नाटकात निदान डॉक्टर आधी येतो आणि भूत नंतर. आपल्या घरात भूत आधी येतं, डॉक्टरला हरायचीसुद्धा संधी मिळत नाही.

आणि या नाटकाने मला एक गोष्ट दिलीही. कुसुमचं कुणी ऐकत नाही, पण ती सविता होऊन बोलू लागली की सगळं घर ऐकतं. आपल्याकडे ‘असर’ कुणाला होतो ते आठवून पाहा. नव्या सुना, लग्न ठरत नसलेल्या मुली, परीक्षेच्या ओझ्याखालच्या पोरी. घरातल्या कर्त्या पुरुषाला झालेला मी क्वचितच ऐकला. त्या मुलीला मी विचारलं, नेमकं काय व्हायचं? ती म्हणाली, “भैया, मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. हे मी ओरडून सांगितलं तेव्हा सगळे म्हणाले, तो बोलतोय.”

नांदेडात डॉ. शंकरराव चव्हाणांच्या नावाचं प्रेक्षागृह आहे आणि विष्णुपुरीला त्यांच्याच नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाचं आहे. मनोविकारांची ओपीडी तिथे आहे, खर्च आमिलाच्या एका बैठकीपेक्षा कमी. जायचीच लाज वाटत असेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

ती मुलगी आता गोळ्या घेते, झोपते. यंदा नीट देणार नाही. खाला अजून तिच्या अम्मीशी बोलत नाही. परतल्यावर मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विनंती केली की जुम्म्याला ओपीडीचे दिवस आणि हा नंबर जाहीर करावा. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, लिहून द्या. कागद दिला आहे.