गाडीगप्पा : आमचा ट्रक तापत का नाही?

मंडळी, मिनेसोटातल्या जानेवारीबद्दल तुम्हांला आम्ही नवीन काय सांगणार? त्या पहाटे पारा शून्याखाली १५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये उणे २६. आईचं पुण्याला परतायचं विमान सकाळचं. बॅगा फार, म्हणून आम्ही आमचा जुना डिझेल पिकअप ट्रक काढला. (तोच, जो दर गणपतीला मंडळाचं मखर वाहतो.) अर्धा तास आधी चालू करून ठेवला होता, तरी तापमानाचा काटा जागचा हलेना. हायवेला लागलो तर हीटरमधून गार वारा, आणि आमच्याच श्वासांचा काचेवर आतून बर्फ! आमची ही क्रेडिट कार्डाने काच खरवडते आहे आणि आम्ही तळहाताएवढ्या जागेतून रस्ता शोधतो आहोत, असा प्रकार. मागून दोन शालींतून आईचा आवाज आला, "अरे, थांबव कुठेतरी. विमान गेलं तर गेलं."

थांबलो. पंपावरच्या दुकानातून पुठ्ठ्याचा खोका मागून घेतला, फाडून रेडिएटरच्या पुढे अर्ध्या भागावर लावला. दहा-बारा मैलांनंतर कोमट वारा यायला लागला, काच सुटली. विमान मिळालं, पण परतताना आमचे हात कापत होते आणि ते थंडीने नव्हे.

गॅरेजवाल्याने सांगितलं, हीटर कोअर बदला, सगळा डॅशबोर्ड उघडावा लागेल. आकडा ऐकून आम्हांला अचानक आपल्या मास्टर्सच्या पदवीची आठवण झाली.

डिझेल इंजिन मुळातच उशिरा तापतं. पेट्रोलच्या इंजिनात थ्रॉटल हवा अडवतो. डिझेलमध्ये प्रत्येक फेरीला हवा जवळजवळ पूर्ण येते आणि वेग फक्त इंधन कमीजास्त करून ठरतो. नुसतं उभं असताना थेंबभर इंधन, ढीगभर हवा. उष्णता येणार कुठून? शिवाय इंधनातला जास्त भाग कामाला लागतो, वाया कमी जातो, आणि हीटर चालतो तो नेमका वाया जाणाऱ्या उष्णतेवर. त्यात लोखंडाचं धूड तापवायचं. म्हणून अर्धा तास उभं ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. थंड सिलिंडरमध्ये इंधन अर्धवट जळतं आणि तेलात उतरतं. नव्या ट्रकांत काजळीची गाळणी तुंबते ती वेगळीच. दोन-चार मिनिटं थांबा, तेल फिरू द्या, मग हळूहळू चालवा. इंजिन कामानेच तापतं.

पण चालवूनही तापत नसेल तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर. त्याच्या पोटात मेण असतं. ते वितळून फुगलं की झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. झडप उघडीच अडकली तर पाणी पहिल्या मिनिटापासून गार होत राहतं. परीक्षा सोपी: थंड इंजिन चालू करून, पंख्यापासून हात सांभाळून, रेडिएटरचा वरचा पाइप चाचपा. तो बराच वेळ गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. आमचा सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत होता. इंजिन पूर्ण गार असताना थर्मोस्टॅट काढला, तर बाहेर हातातसुद्धा झडप उघडी! नवीन आणला, आधी स्वयंपाकघरात पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून पाहिला. वर १९० फॅरनहाइट छापलेलं, थर्मामीटर साधारण तिथे आला तशी झडप हलली. (पातेलं अर्थातच आता गॅरेजमध्ये राहतं. घरात बोलणी बसली.) खर्च गॅरेजवाल्याच्या आकड्यापुढे किरकोळ. हीटर कोअर ठणठणीत होता.

पुठ्ठा हा तात्पुरता उपाय. पूर्ण रेडिएटर झाकू नका, आणि ऊन पडलं की काढा.

खरी सोय ब्लॉक हीटरची. ७५० वॅटचा असेल तर निघायच्या आधी चार तास पुरतो, म्हणजे तीन युनिट वीज. रात्रभर लावू नका. साधा टायमर घ्या, मात्र तेवढा भार आणि बाहेरची थंडी झेलणारा. वायरही जाड, बाहेर वापरायचीच हवी. आणि दार बंद करून गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, दोन मिनिटंसुद्धा नाही.

आणखी एक. निघताना वायर काढा. गेल्या डिसेंबरात आम्ही कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत तीस फूट नारिंगी शेपूट ओढत गेलो होतो, आणि मागची शाळेची बस हॉर्न का वाजवते आहे ते आम्हांला कळेना.